नसलेल्या दाराचा कडुलिंब

मुलांनो, भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा मी त्याच्या वसाहतीच्या एका सेक्टरमधल्या नव्या शाळेत शिकवत होते. पाचवीच्या वर्गासाठी गोंड लोक झाडांचा उपयोग कसा करतात, हा पाठ मी तयार केला होता. नागपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र इंग्रजीतून शिकलेली मी. पाने टिपकागदात दाबून वाळवायची आणि खाली लॅटिन नाव लिहायचे, ही माझी पद्धत. पण वर्गात एक गोंड मुलगी होतीच, म्हणून आधी तिलाच उभे केले. मोहाची फुले वाळवून कशी ठेवतात, साल वृक्षाच्या पानांच्या पत्रावळी कशा टाचतात, हे तिने भराभर सांगितले. मग म्हणाली, "आणि लीम दारासाठी."

लीम म्हणजे कडुलिंब.

"कडू दार!" मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले. "म्हणून पाहुणे येत नसतील यांच्याकडे."

वर्ग हसला. ती हसली नाही. "हरेलीला दाराला डहाळी खोचतात. मग बाहेरचं बाहेर राहतं."

"बाहेरचं म्हणजे काय?" मी विचारले. ती खाली बसली.

हरेली म्हणजे आपल्याकडची जिवतीची अवस. ती आली त्या दिवशी सकाळी पाऊस उघडला होता. वर्गाला शाळेमागच्या मोकळ्या जागेत झाडपाला दाखवायला न्यायचे मी आधीच ठरवले होते. त्याच जागेवर त्या मुलीचे गाव होते. घरे पाडली गेली होती, माणसे बोरसी गावाच्या बाजूला नव्या झोपड्यांत राहायला गेली होती, आणि क्वार्टर बांधण्यासाठी डोझर आता तिथली जमीन सपाट करत होता.

मुलगी उशिरा आली. डोळे सुजलेले. "बहनजी, माझी डोकरी दाई सकाळपासून घरात नाही. लीमचा भारा घेऊन गेली. तिला नीट दिसत नाही."

तिची आजी कुठे गेली असेल, ते मला विचारावे लागले नाही. डोझरची घरघर वर्गात ऐकू येत होती.

शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी भंडाऱ्याकडच्या. त्यांनी मला फाटकात गाठले. "आवसेच्या दिवशी लेकरं घेऊन तिकडं कावून जाता जी बाई? मले तर भर दिवसा भेव लागते तिथं."

"मग तुम्ही इथेच थांबा."

"एकटी?" असे म्हणून त्या आमच्या सगळ्यांच्या पुढे चालू लागल्या.

त्या जागेवर एकही भिंत उरली नव्हती, कौलाचा तुकडाही नव्हता. नुसता लाल चिखल. पण चिखलात कडुलिंबाच्या डहाळ्या उभ्या खोचलेल्या होत्या. जोडी-जोडीने, मधे दाराएवढे अंतर ठेवून. एका बाजूला एक ओळ, तिच्यासमोर दुसरी, आणि मधून गल्ली जावी तशी मोकळी वाट. एक मुलगा दोन जोड्यांच्या मधून आडवा निघाला, तेव्हा मुलीने त्याचा सदरा ओढला.

"तिथून नको. भिंत आहे."

तो हसला, पण वळसा घालून आला. त्यानंतर कोणी आडवे गेले नाही. मीही गल्लीतूनच चालले होते, हे माझ्या उशिरा लक्षात आले. नुकत्याच सारवलेल्या अंगणाचा वास येत होता. सारवायला तिथे अंगण नव्हते.

सुरुवातीच्या डहाळ्या मलूल झाल्या होत्या. पुढच्या ताज्या होत्या. मुलगी पळू लागली.

गल्लीच्या टोकाची जोडी डोझरच्या लोखंडी पट्ट्याखाली चिरडून चिखलात गेली होती. डोझर जरा मागे घेऊन, सुरूच ठेवून पंजाबी चालक खाली उतरला होता आणि पगडीच्या टोकाने तोंड पुसत होता. त्याच्या यंत्रासमोर म्हातारी चिखलात बसली होती. हाताने ती चुलीत लाकूड सारावे तसे करत होती.

"बहनजी, इसको समझाओ. उठती ही नहीं. मैं पास जाता हूँ तो चिल्लाती है, दीवार मत तोड़."

"दाई, बाहेर ये!" मुलगी ओरडली. ती जवळ गेली नाही, चिरडलेल्या जोडीच्या अलीकडेच थांबली.

"कुठून येऊ गं?" म्हातारी त्यांच्या बोलीत म्हणाली. "दार कुठं गेलं?"

मुलीने चिखलातून त्या चिरडलेल्या डहाळ्या उपसल्या, फ्रॉकला पुसल्या आणि पुन्हा खोचल्या. "हे बघ दाई. उघडंच आहे."

म्हातारी उठली. हाताने चाचपत आली. दोन डहाळ्यांपाशी तिने मान खोल लववली, पाऊल उंबऱ्याएवढे उचलले आणि बाहेर आली. तिच्या डोक्यावर नुसते आभाळ होते. मुलीने तिचा हात घट्ट धरला. चालकाने इंजिन बंद केले.

म्हातारीने आमच्याकडे तोंड केले. "इतकी लेकरं! बाहेर का उभी? आत या ना."

एकही मूल हलले नाही.

"चला जी बाई," मावशी हळूच म्हणाल्या.

पुढे तिथे क्वार्टर झाले आणि त्या डहाळ्यांच्या ओळीवरचेच एक आम्हाला मिळाले. तुमच्या आजोबांना मी यातले काही सांगितले नव्हते. ते असल्या गोष्टींची थट्टा करत. एका संध्याकाळी पेपर वाचत स्वयंपाकघराकडे येताना, पुढच्या खोलीच्या मधोमध त्यांनी मान खोल लववली.

"काय झालं?"

"कुठे काय?"

छत उंच होते आणि आजोबा बुटके, तुम्हाला ठाऊकच आहे. मग तुमचे बाबा चालायला लागले. फरशी गुळगुळीत सिमेंटची, पण त्याच जागी पोचले की ते थबकत, पाय उंच उचलत आणि मगच पुढे जात.

त्या वर्षी अवसेला जिवतीचा कागद चिकटवल्यावर मी दोन तांबे घेतले, त्यांत कडुलिंबाच्या डहाळ्या ठेवल्या आणि ते त्या जागी दोन बाजूंना मांडले.

"हे काय?" आजोबांनी विचारले.

"दार."

मी थट्टेची वाट पाहत होते. तुमच्या छोट्या बाबांना त्यांनी कडेवर घेतले, एका हाताने त्यांचे डोके झाकले, आणि मान लववून मधून आत आले.