साळ्याला देव पटवून देण्याचं काम

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवीन होतं आणि मी जावई म्हणून नवीन होतो. आमच्या ख्रिस्ती मंडळीत देवाची बाजू मांडणारा म्हणून माझं थोडं नाव होतं. बाजाराच्या दिवशी डोणगावात पारावर उभा राहून मी देव असल्याचे पुरावे देत असे. लोक वांगी निवडता निवडता ऐकत आणि पुरावे संपायच्या आत घरी जात.

म्हणून सासूबाईंनी घरचंही एक काम माझ्यावर टाकलं. माझा साळा अमरावतीला कॉलेज शिकून आला आणि देव नाही म्हणू लागला. त्याचं लग्न ठरलं होतं डोणगावच्या चर्चमधल्या पाळकसाहेबांच्या मुलीशी, आणि दोघांचं एकमेकांवर मन बसलं होतं. पण पाळकसाहेबांचा निरोप आला: मुलाने देवाला मानतो की नाही ते समोर येऊन सांगावं, मग पुढचं पाहू. साळा खोटं बोलायला तयार नव्हता.

"जावईबापू, तुम्ही एवढ्या बाजाराले समजावता," सासूबाई म्हणाल्या, "माह्या एका पोराले समजावा."

साळा आणि मी बैलगाडीने डोणगावला निघालो. गाव मागे पडताच मी घसा साफ केला.

"आता ही गाडी पाय. आपोआप झाली का? कोण्या तरी सुतारानं केली. मंग बंधूंनो, एवढं मोठं जग..."

सवयीने आवाज चढला आणि बैल बिचकून थांबले.

"भाऊजी, हळू," साळा म्हणाला. "बाजार नाही, मी एकटाच हाये." त्याने बैलांना चुचकारलं. "गाडीले सुतार लागते, कबूल. पण गाडी उलथून माणूस मेला, तं त्या सुताराले काय म्हणाव?"

हा प्रश्न पारावर कोणी विचारला नव्हता. देवाने माणसाला बरंवाईट निवडायचं स्वातंत्र्य दिलं आहे, हा मुद्दा मी काढला. चांगला मुद्दा आहे, आजही मला पटतो.

"बाबाले ताप काय स्वातंत्र्यानं आला?" तो म्हणाला. सासरे वारले तेव्हा तो शाळेत होता. "मी गुडघे टेकून मांगतलं, माह्यं काही बी घे, पण बाबाले ठेव. नाही ठेवलं त्यानं. मंग तो हाये, असं काऊन म्हणू?"

त्याचे डोळे लाल झाले होते. त्यातून एक गोष्ट मला लख्ख दिसली.

"मंग तुले एवढा राग कोणाचा येऊन राह्यला बे?"

त्याने बैल दामटले. डोणगाव येईपर्यंत दामटत राहिला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, आणि पाळकसाहेबांच्या ओसरीवर बसताच वकिलासारखी सुरुवात केली, "साहेब, वाटेत आमची सविस्तर चर्चा..."

"तुम्ही पाणी घ्या," पाळकसाहेब मला म्हणाले आणि साळ्याकडे वळले. दाराआड बांगड्या वाजल्या. मुलगी ऐकत होती.

"खोटं नाही बोलत, साहेब," साळा म्हणाला. "माह्यं त्याच्याशी भांडण हाये."

"कधीपासून?"

"बाबा गेले तवापासून."

"म्हणजे इतकी वर्षं त्याच्याशी संबंध टिकवून आहात." पाळकसाहेब हसले नाहीत. "माझ्या मंडळीत कित्येकांचा तेवढाही नाही. चला, प्रार्थना करू. सुरुवात तुम्ही करा."

मी डोळे मिटले आणि हे लग्न मोडलं असं धरून चाललो. मग साळ्याचा आवाज आला, "देवा, बाबाले काऊन नेलं, ते तुनं मले अजून सांगतलं नाही." तो थांबला. "पण मी आलो."

दाराआडून 'आमेन' आलं, पाळकसाहेबांच्याही आधी. ते म्हणाले, "येत्या रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढे हे लग्न जाहीर पुकारतो."

देव आहे हे मी त्यानंतरही पारावर पुष्कळदा सिद्ध केलं, पुढेही करीन. त्या दिवशी मात्र 'आमेन' म्हणायला माझाच आवाज फुटेना.