एसीबाहेरची चाचणी

उन्हात उभी गाडी उघडली की तापलेल्या प्लास्टिकचा वास येतो आणि मला हरियाणातल्या मानेसरचा तो कारखाना आठवतो. तेव्हा बाजारात नव्या नव्या गाड्या येत होत्या आणि त्यांच्यासाठी बनवलेला, सुटे भाग धरून ठेवणारा प्लास्टिकचा ब्रॅकेट तपासायला मी विद्यापीठातून गेले होते. एसी खोलीत स्टँडवर वजन टांगूनही तो जरासुद्धा वाकला नव्हता. “मॅडम, बस साइन कर दीजिए,” मॅनेजर म्हणाले. मी स्टँड वजनासकट उचलून बाहेर जूनच्या उन्हात नेऊन ठेवला. “टेस्ट तो एसी में ही होता है,” ते चिडले. “और गाडी कहाँ खडी होगी?” मी विचारलं. आम्ही जेवून येईपर्यंत ब्रॅकेटने मान टाकली होती. मी अहवालावर सही न करता निघाले. त्यांनी मला परत बोलावलं नाही; एसीतल्या निकालावर मी अजूनही सही करत नाही.