टेम्पोच्या मागच्या चाकापासून

वाहतूक शाखेत तिला सगळे पत्रकबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठीमागे पत्रकबाई, आणि जे तिच्या तावडीत सापडले होते ते आणखी काय काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. काम तिचं एवढंच, की आठवडाभरात रस्त्याचे जे नवे नियम आले, कोर्टाचे जे निकाल लागले, शहरात जे अपघात झाले, त्यांचं दोन पानी पत्रक तयार करायचं. सोमवारी सकाळी हजेरीच्या वेळी ते साऱ्या शिपायांपुढे मोठ्याने वाचलं जाई. वाचायचं कोणी, तर हजर असेल त्या सर्वांत वरिष्ठ माणसाने. म्हणजे शाखेच्या साहेबांनी.

हे काम कोणालाच नको असे. खोली जिन्याखाली, डोक्यावर दिवसभर बुटांचा धडधडाट, छपाईचं यंत्र मनात आलं तर चालणारं, आणि वर ना मान ना बढती. ही बाई नियंत्रण कक्षातली चांगली पंख्याखालची जागा सोडून, स्वतः अर्ज करून तिथे आली, तेव्हा लोकांनी कपाळाला हात लावला. तिने कोणाला काही सांगितलं नाही. ती साहेबांसाठी आली होती, आणि प्रेमापोटी नव्हे.

तिचा धाकटा भाऊ पाण्याच्या टँकरखाली गेला होता. वय एकोणतीस. भरदुपारी तो दुकानातून आईचा चष्मा घेऊन परतत होता. रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे होते, त्यावरूनच तो चालला होता, असं पाहणाऱ्या दोघांनी सांगितलं. टँकरवाला म्हणाला, पट्ट्यांवर कुठला, पट्टे सोडून पुढे मध्येच धावत आला. म्हणजे सगळं अडलं होतं ते एका गोष्टीवर: धडक नेमकी कुठे बसली. ते रक्ताच्या डागावरून आणि टायरच्या काळ्या खुणेवरून सांगता आलं असतं, आणि ती जागा मोजून लिहायला जे आले ते हेच साहेब. तेव्हा नुसते फौजदार होते.

अपघाताच्या जागी अंतर मोजायचं ते न हलणाऱ्या वस्तूपासून. विजेचा खांब घ्या, इमारतीचा कोपरा घ्या, पुलाचा कठडा घ्या. काल भरती झालेल्या शिपायालाही हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. खांब होता चाळीस पावलांवर. पण ऊन होतं, मागे गाड्या तुंबल्या होत्या, आणि साहेबांना चाळीस पावलं जड झाली. जवळच एक टेम्पो माल उतरवत उभा होता. साहेबांनी त्याच्या चाकाला टेप टेकवली आणि पंचनाम्यात लिहिलं, ‘टेम्पोच्या मागच्या उजव्या चाकापासून अकरा मीटर सत्तर.’ अर्ध्या तासात टेम्पो निघून गेला. त्याचा नंबर लिहून ठेवायचंही कोणाला सुचलं नाही. फोटो काढणारा पोचला तोवर रस्ता धुऊन मोकळा केला होता.

कोर्टात टँकरवाल्याच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला. “साहेब, हा टेम्पो सध्या कुठे उभा असतो?”

लोक हसले. साहेबही हसले. मागच्या बाकावर आई आणि ती बसल्या होत्या, त्यांच्याकडे साहेबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. साक्ष झाली, टोपी उचलली, चालू लागले. टँकरवाला सुटला. तिने रीतसर तक्रार केली, तर चार महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: संबंधित अधिकाऱ्यास योग्य ती समज देण्यात आली आहे. अशी समज साहेबांनी आजवर किती वेळा पचवली असेल, देव जाणे. पुढे त्यांना बढती मिळाली आणि ते शाखेचे प्रमुख झाले.

टँकरवाल्यावर तिचा राग नव्हता असं नाही. पण तो निदान कोर्टात घामाघूम झाला होता. हा मात्र हसला होता. ते हसू तिच्या घशात काट्यासारखं रुतून बसलं. तिला त्याची नोकरी नको होती, माफी नको होती. आपण काय केलं हे त्याने चारचौघांत, स्वतःच्या तोंडाने बोलावं, एवढंच तिला हवं होतं.

पत्रकात कोणाचं नाव घालायचं नाही, असा नियम. ठीक आहे, म्हणाली ती. तिने दुसऱ्या पानाच्या तळाशी एक सदर सुरू केलं, ‘चुकलेलं मोजमाप’. अपघाताच्या जागी पोलिसांकडून होणाऱ्या चुका, नाव न घेता. आणि महिन्यातून एकदा तरी तिथे तो टेम्पो यायचा. कधी टेम्पोची हातगाडी व्हायची, कधी बर्फाची गाडी, एकदा तर तिने चक्क रवंथ करत बसलेली म्हैस घातली. ‘एका अधिकाऱ्याने म्हशीच्या शेपटीपासून अंतर मोजले. म्हैस उठून गेली. आरोपी सुटला.’ भिंतीला टेकून, हाताची घडी घालून ती साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत राहायची.

साहेब खणखणीत आवाजात वाचायचे. म्हशीला तर पोट धरधरून हसले. “काय एकेक नग भरलेत खात्यात,” म्हणाले. “बाई, हे असलं सापडतं कुठे तुम्हाला?”

“कागदपत्रांत, साहेब,” ती म्हणाली.

घरी आई वाट पाहत बसलेली असायची. ऐंशीच्या घरातली म्हातारी, गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. लेक चपला काढते न काढते तोच आई विचारायची, “ओळखलं का मेल्याने स्वतःला?”

“नाही.”

“निगरगट्ट आहे.”

“निगरगट्ट असता तर बरं झालं असतं, आई. तो विसरलाय.”

हे तिला दोनेक वर्षांतच कळलं होतं, आणि त्या दिवसापासून तिचा राग दुप्पट झाला. तिने नाना तऱ्हा करून पाहिल्या. गाडीच्या काचांचा नवा नियम आला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने साहेबांच्या स्वतःच्या गाडीची काळी काच पकडून पावती फाडली. साहेबांनी निमूट दंड भरला आणि हजेरीत तिचा सत्कार केला. “कर्तव्य म्हणजे काय, ते बाईंकडून शिका.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांच्या गजरात ती दातओठ खात उभी होती. वैर करावं तर समोरच्याला पत्ता तरी असावा, इथे पालथ्या घड्यावर पाणी. भावाच्या तारखेला ती दरवर्षी रजा मागायची आणि अर्जात स्पष्ट लिहायची, ‘भावाचा अपघाती मृत्यू, त्याचा स्मृतिदिन’. दरवर्षी त्याखाली साहेबांची सही व्हायची.

अशी अकरा वर्षं गेली आणि साहेब निवृत्त व्हायला आले. त्यांचा एकच सोमवार उरला. शाखेत निरोपाची तयारी चालली होती, कोणी भेटवस्तू ठरवत होतं, कोणी भाषण. ती जुन्या कागदपत्रांच्या खोलीत गेली. तिथला कारकून म्हणाला, “एवढ्या जुन्या पंचनाम्याचं काय काम काढलंत?” ती म्हणाली, “पत्रकाला लागतो.” खोटं नव्हतंच ते. धुळीने नाक चोंदेपर्यंत शोधला तेव्हा एकदाचा तो सापडला. तिने रीतसर नोंद करून त्याची प्रत घेतली.

रविवारी तिने नव्या पत्रकातला मजकूर आईला वाचून दाखवला. आईने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, “नियम मोडशील तर बदली करतील.”

“मोडत नाहीये. नाव घातलेलं नाही.”

“मग घाल पुन्हा म्हैसच, तेवढंच हसेल.” आई असं कडू बोलायची तेव्हा तिचा हात पदराचं टोक चुरगाळत असायचा.

सोमवारी हजेरीच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं उभी होती. साहेब इस्त्रीचा कडक गणवेश घालून आले. “शेवटचं वाचन,” म्हणाले, आणि लोक हसले. शाळांसमोरच्या वेगमर्यादेचा नवा हुकूम झाला. उड्डाणपुलावर तिघे जखमी झाल्याची बातमी झाली. सीटबेल्टवरचा कोर्टाचा निकाल झाला. मग पान उलटलं.

“चुकलेलं मोजमाप,” साहेबांनी वाचलं. त्यांच्या ओठांवर आधीच हसू आलं होतं. “आज काय, उंट का?”

मग ते वाचू लागले. तारीख होती. चौक होता. वेळ, दुपारी दीड. मयत इसम, वय एकोणतीस, उजव्या हातात चष्म्याची डबी. टँकर. पांढरे पट्टे. खांब चाळीस पावलांवर. ‘अधिकाऱ्याने अंतर टेम्पोच्या मागच्या उजव्या चाकापासून मोजले. अकरा मीटर सत्तर.’ इथवर आवाज खणखणीत होता. पुढची ओळ होती: ‘पंचनामा करणारे अधिकारी’, आणि पुढे कोरी जागा.

साहेबांनी मान वर केली. “बाई, इथे छापायचं राहिलंय.”

“नाव छापायचं नाही असा नियम आहे, साहेब,” ती म्हणाली. “तोंडी सांगायला हरकत नाही.”

“मला काय ठाऊक? होता कोण हा?”

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. तिने पुढे होऊन पंचनाम्याची प्रत त्यांच्या हातात दिली. साहेबांनी खिशातून चष्मा काढला. कागदाच्या तळाशी सही होती, शेवटचं अक्षर लांबवून खाली रेघ मारलेली. तशीच सही शाखेतल्या प्रत्येक कागदावर, प्रत्येक रजेच्या अर्जावर असायची. पुढच्या रांगेतल्या दोघांना ती उभ्या जागेवरूनही ओळखू आली, आणि त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

“सही माझी आहे,” साहेब म्हणाले.

“मोठ्याने, साहेब. मागच्यांना ऐकू येत नाही.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बहुधा अकरा वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग मोठ्याने म्हणाले, “पंचनामा मी केला होता.”

खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. दया आली नाही. साहेबांच्या कानशिलावरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये उतरला, तो तिने शेवटपर्यंत पाहिला. आज घरी गेल्यावर हे सगळं आईला सांगताना एक शब्दही गाळायचा नाही, असं तिने ठरवलं.

“हा मुलगा तुमचा कोण?” साहेबांनी हळूच विचारलं.

“भाऊ.”

“एवढी वर्षं माझ्या हाताखाली होतात. मला कधी सांगायचं तरी, बाई.”

“सांगत होते की, साहेब. तुम्हीच वाचून दाखवत होतात.”

साहेब कागद खाली ठेवून खुर्चीकडे वळू लागले, तसं तिने पत्रक उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिलं.

“अजून दोन ओळी राहिल्यात,” ती म्हणाली. “उभं राहून वाचा.”

साहेब उभेच राहिले. अंतर नेहमी न हलणाऱ्या वस्तूपासून मोजावे, आणि अशा दोन वस्तू घ्याव्यात, असं त्या ओळींत लिहिलं होतं. ते वाचायला त्यांना बराच वेळ लागला.