लाल पाण्याची विहीर

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीनं विहिरीचं पाणी सोडलं, त्याला कारण मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं म्युनिसिपालिटीच्या मेंबरावर जे तोंडसुख घेणार आहे ते एकतर्फी वाटायला नको.

मी तेव्हा पत्रकं लिहायचो आणि भोंग्याआधी गिरणीच्या फाटकावर वाटायचो. शेवटच्या पत्रकात जाड टाइपात छापलं होतं : म्युनिसिपालिटी सांगेल ते खोटं समजा, देईल ते परत करा. आमच्या मेंबरानं दोन निवडणुकांत दोनदा गटार बांधून द्यायचं कबूल केलं होतं. कुदळ एकदाही पडली नव्हती. संताप खरा होता. वाक्यही मला फार आवडलं होतं.

थोड्याच दिवसांत शेजारच्या पेठेत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. म्युनिसिपालिटीचा माणूस संध्याकाळी आमच्या विहिरीत औषध टाकून गेला. सकाळी बायका घागरी घेऊन आल्या, वाकून पाहिलं, तर पाणी लालसर. तशाच मागं फिरल्या आणि ओढ्यातल्या डबक्यावर गेल्या. त्या डबक्यात म्हशी बसत.

मी धावत आडवा गेलो. "अहो, ते औषध आहे! डबक्यातलं पिऊन मराल!"

विहिरीवर पाळी लावायची ती एक म्हातारी. सांगोल्याकडची, मेंढरं विकून गिरणीत आलेली. तिला कुणी नेमलं नव्हतं, पण तिनं लावलेली पाळी कुणी मोडत नसे. घरात तिची सून चार दिवसांची बाळंतीण होती.

"तुजंच पत्रक हाय न्हवं?" ती म्हणाली. "दुकानदारानं वाचून दावलं की. देतील ते परत करा. आता हिरीतलं औषद परत कसं करायचं, त्ये लिवायचं राहिलं व्हय?"

बायका हसल्या. मी म्हणालो, "आजी, ते गटाराबद्दल होतं."

"मंग गटाराचं नाव घालायचं हुतंस."

मी पोहरा टाकला, पाणी काढलं आणि सगळ्यांसमोर प्यायलो. "ह्यो काय, पत्रक खपतंय म्हनलं तर शाई बी पिईल," मागून एक बाई म्हणाली.

म्हातारीनं निकाल दिला. "ज्यानं टाकलं त्यानं प्यावं. मेंबराला आन."

ज्याला छापून चोर म्हटलं, त्याच्याच ओसरीवर जाऊन उभा राहिलो. तो पानाला चुना लावत होता. "या! आज काय छापलंत?" मी कारण सांगताच तो पान टाकून उठला, डोक्यावर पागोटं चढवलं आणि निघाला. एवढ्या तत्परतेचाच मला संशय आला. मत तेव्हा घरपट्टी भरणाऱ्यालाच असे; विहिरीवरच्या एकाही बाईला नव्हतं. आमच्या चाळीच्या मालकाला मात्र होतं, आणि निवडणूक जवळ आली होती.

विहिरीवर त्यानं तांब्या तोंडाला लावला. मी त्याच्या गळ्यावर नजर रोखली. घोट उतरला की नाही, कळेना.

माझ्याआधी म्हातारीच म्हणाली, "आता बोला की, सायब."

"काय बोलू?"

"गटाराचं बोला."

मेंबर बोलू लागला आणि थांबेचना. "बास. गिळलंय," म्हातारी बायकांना म्हणाली. मग आम्हा दोघांकडं वळली. "औषद टाकतील तवा दर खेपंला दोगांनी बी यायचं. ह्यो तुमच्यावर ध्यान ठिवील, तुमी ह्येच्यावर. आमी दोगांवर."

मेंबर जायला निघाला. "कुटं? बसा हितंच."

ती स्वतः एक पेला भरून पाणी प्यायली आणि विहिरीच्या कट्ट्यावर बसली. पलीकडं मेंबर, त्याच्या शेजारी मी. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला, ऊन पायांवर आलं, तरी तिनं आम्हाला उठू दिलं नाही. शेवटी आपल्याला काही होत नाही अशी खात्री पटल्यावर तिनं घागर उचलली, सुनेसाठी भरून घेतली, आणि पुढच्या बाईला म्हणाली, "ये, तुजी पाळी."