भिंतीची ऊब

भट्टीच्या तोंडात हात घालायचा, जरा वेळ धरायचा, आणि बाहेर काढून म्हणायचं, "जित्ती शे." सकाळी त्याचा पहिला शब्द हाच, जिवंत आहे. सलाम-दुवा नंतर.

असा पाववाला तुम्हीही पाहिला असेल. आमचा माझ्या घराला लागूनच होता. त्याच्या भट्टीची मागची भिंत तीच माझ्या खोलीची भिंत. माझे मालक वारले तशी मी त्याच्याकडे राख काढायला, पत्रे घासायला जाऊ लागले. तो मला बहेन म्हणायचा, मी त्याला भाई.

माझी धाकटी मालक गेल्यावर झाली, दिवस भरायच्या आधी, ऐन थंडीत. मुठीएवढी पोर. सुईण म्हणाली, राहत नाही ही. भिंतीपलीकडून तो ओरडला, "पोरगीले भीतले लाव, बहेन! मी लाकूड सारस." पोर जगली. आता तिला नातू आहे.

ती भट्टी त्याच्या बापापासून विझली नव्हती. बायको गेली त्या दिवशीही कबरस्तानातून आला, हात-पाय धुतले आणि आधी लाकूड सारलं. खोकून खोकून गेली ती. तेव्हापासून धुराकडे बघत बसायचा.

मग ग्रामसभेत बाहेरची एक मॅडम आली. म्हणाली, हवेत कार्बन वाढला, म्हणून ऊन वाढलं, तुमची केळी करपली. धूर गावानंच कमी करायचा. दिवाळीच्या तोंडावर एक दिवस कोणी काही जाळायचं नाही, गाडी काढायची नाही. सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली.

मागून एकजण बोलला, "चाचा, मंग तुन्हा पाव उनमा भाजशी का?"

सगळे हसले. तो हसला नाही. त्याचा हात अजून पुढेच होता.

घरी येताना मी म्हटलं, "भाई, भट्टी थंड झाली तर तिचा घुमट तडकेल. जुन्या विटा आहेत."

"शबद दिधा शे, बहेन." थोडं चालून म्हणाला, "तिन्हा छातीमा मन्हाच धूर व्हता."

त्या दिवशी हॉटेलची भट्टी पेटलेली होती. उकिरड्यावर कचरा जळत होता. फोटो काढायला आलेली जीपगाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. साऱ्या गावात विझली ती त्या एकट्याची भट्टी. त्यानं हात घातला, बाहेर काढला. त्या दिवशी सलाम-दुवा आधी झाली.

दुसऱ्या दिवशी बाया नानकटाईचे पत्रे घेऊन दारात. गार झालेली भट्टी सावकाश तापवावी लागते, हे त्याला माहीत होतं. पण दिवाळी उद्यावर.

"चाचा, तूप सुटी ऱ्हायनं, बेगी कर ना!"

त्यानं लाकूड सारलं. आणखी सारलं. दुपारी आतून फाटकन आवाज आला आणि घुमट आपल्याच विस्तवात बसला. आमची भिंत हादरली. धुरळा खाली बसल्यावर त्यानं एकेकीचा पत्रा झटकून हातात दिला. "माफ कर, माय. शहादानी भट्टीवर लई जा."

पुढच्या ग्रामसभेत त्याला शाल-नारळ दिला. टाळ्या वाजल्या. सरपंच म्हणाले, "चाचा, विजेची भट्टी मिळवून देऊ." तो रोज पंचायतीत जाऊन बसायचा. आज साहेब नाही, आज लाईट नाही. एक दिवस तिथल्या पोऱ्यानं चहा दिला, तेवढंच मिळालं.

सुरतेहून त्याचा मुलगा त्याला न्यायला आला. निघताना भाई माझ्या दारात थांबला, पिशवीतून ती शाल काढली.

"मी काय करू हिचं?"

"तुन्ही भीत आते थंडी ऱ्हाई, बहेन. पांघरी ले."

त्याच हिवाळ्यात सुरतेहून फोन आला. माती तिकडेच दिली.

शाल चांगली आहे, जाड आहे. पण थंडी पडली की अजून पाठ भिंतीकडेच जाते. टेकते, आणि मग कळतं.