वळकट्या चार, माणसं आठ

ती गेली त्याच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघं नवी इमारत बघायला गेलो होतो. तसे दर रविवारीच जायचो. लालबागच्या आमच्या चाळीतून परळच्या मागच्या बाजूला चालत जायचं, अर्धवट झालेल्या खोलीत शिरायचं, आणि मी भिंतीवर बोटं वाजवून बघायचो. सिमेंट कमी, वाळू जास्त, असा मला पहिल्यापासून वहीम. भागीरथीचं लक्ष भिंतीकडे नसायचं. ती पावलं टाकून जागा मोजायची. "हय चूल. हय पिंप. आणि हय चार जण जेवाक बसतले," असं ती कोकणात बोलत असे तसंच बोलायची. मी म्हटलं, "अगो, अजून चावी हातात नाय." ती म्हणाली, "तुमच्या हातात दिली तरी तुमी इचारशात, खोटी तर नाय?" त्या दिवशी तिला जिना उतरताना दम लागला होता. मी विचारलंही नाही... बुधवारी ताप भरला, शुक्रवारी संध्याकाळी गेली.

आमची भागीरथी खानावळ चालवायची. मी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होतो, तीन वर्षांपूर्वी सुटलो. मुलगी लग्न होऊन गावाला. आमच्या एका खोलीत आठ गिरणी कामगार जेवायचे आणि झोपायचे. चार दिवसपाळीचे, चार रातपाळीचे. चौघं कामावर गेले की त्यांच्याच वळकट्यांवर दुसरे चौघं पडायचे. लालबाग-परळला हे कोणाला सांगावं लागत नाही. पण बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो तोंडाकडे बघत राहतो.

चाळ मोडकळीला आली होती. जिन्याला वाशांचे टेकू. मालक दुरुस्ती करीना. मग एक दिवस कळलं की पालिका जागा देणार, सरकारचं घरबांधणी बोर्ड इमारत बांधणार, आणि दादरची एक संस्था भाडेकरूंची यादी करणार. तीन जण मिळून गरिबांना घर देणार हे ऐकूनच मी म्हटलं, गेलं घर हातचं. एकाने फसवलं तर निदान कोणाच्या नावाने शिव्या घालायच्या ते कळतं. पालिकेत गेलो तर म्हणायचे बोर्डात जा. बोर्डात म्हणायचे यादी संस्थेकडे. संस्थेत म्हणायचे, आमच्या हातात काय आहे काका, आम्ही फक्त लिहून देतो.

आणि दिवस कसले? मोर्चांचे. मुंबई महाराष्ट्राला मिळते की नाही याचा पत्ता नाही. ज्या सरकारच्या पोलिसांनी आमच्या पोरांवर गोळ्या झाडल्या, त्याच सरकारचं बोर्ड आम्हाला खोली देणार? आमच्यात जेवायला असलेला तातू म्हणायचा, "मुंबयच आपली नाय, तर खोली कशी आपली?" सगळे हसायचे. मी नाही हसायचो.

संस्थेच्या सुमतीबाई पहिल्यांदा येणार हे कळलं तेव्हा मीच भागीरथीला म्हटलं, ही मालकाची माणसं असणार. शिवाजी पार्कची बाई आमच्या जिन्याने फुकट वर येते होय? पोटभाडेकरू ठेवले म्हणून मालक आधीच बाहेर काढायला टपलेला. "सांग, आम्ही दोघंच राहतो." तिने रातपाळीच्या चौघांना झोपेतून उठवून खाली पिटाळलं, वळकट्या शेजारी नेऊन ठेवल्या आणि बाईंना सांगितलं, दोघंच. बाईंनी दोघं लिहिले.

महिन्याभराने कळलं की खानावळवाल्या बायकांना स्वयंपाकाची जागा असलेली मोठी खोली द्यायची, असं संस्थेने बोर्डाकडून कबूल करून घेतलंय. दोनच माणसं असतील त्यांचा नंबर शेवटी. मी आठही जणांसमोर तिच्यावर ओरडलो. म्हटलं, तुझ्या तोंडाने घालवलंस. ती चुलीतली राख ओढत राहिली. दोघं सांग, हे मीच सांगितलं होतं. तिने ते कोणाला सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं. आज पहिल्यांदा लिहितोय...

दुसऱ्या दिवशी ती एकटी दादरला चालत गेली आणि सुमतीबाईंना घेऊनच आली. त्यांना पाटावर बसवलं. बाई मासे खाणाऱ्या नव्हत्या, तर सोलकढी आणि भात वाढला. म्हणाली, "मी खोटा बोललंय. आता दिसभर हय बसा आणि बघा कोण येता, कोण जाता." बाई खरंच बसल्या. मला वाटलं, पाणी तरी पितात का बघू. दोन तांबे प्यायल्या.

मग बोर्डाचा कारकून आला खात्री करायला. त्याने कोपऱ्यातल्या वळकट्या मोजल्या आणि लिहिलं, चार. भागीरथी खवळली. "मेल्या, वळकटे कित्याक मोजतंस? माणसां मोज!" तो म्हणाला, "एका वळकटीवर दोन माणसं कशी झोपणार, बाई?" तातू दारातून म्हणाला, "साहेब, एक उठल्यावर दुसरा." कारकून म्हणाला, नियमात तसं काही नाही. त्यावर बोर्ड आणि संस्था यांची चार महिने कागदांची मारामारी चालली. आठ माणसं लिहून घेईपर्यंत सुमतीबाईंनी पायताणं झिजवली. मला तरीही वाटायचं, हिचा यात काय फायदा?

खोली मंजूर झाली ती भागीरथीच्या नावावर. मी दोन दिवस अबोला धरला. शेवटी विचारलं, माझं नाव का नाही? म्हणाली, "तुमच्या नावार झाली तर तुमी कारकुनाशी झगडून घालवशात." खोटं नव्हतं.

ती गेली आणि चौथ्या आठवड्यात कारकून आला. सोबत सुमतीबाई. कारकून उभ्याउभ्याच बोलला. "बाई गेल्या, म्हणजे खानावळ बंद. एकट्या माणसाला ही खोली देता येणार नाही. पुढच्या नावाला जाईल." मी सुमतीबाईंकडे बघितलं. वाटलं, पुढचं नाव हिच्याच ओळखीतलं असणार. एवढं चालणं, ते पाणी पिणं, सगळं त्यासाठीच. बाई म्हणाल्या, "बंद झाली असं कोण म्हणालं? का हो काका, जेवतात ना इथे?" महिनाभर ती पोरं उसळपाव खाऊन दिवस काढत होती. बाईंना ते दिसत होतं. मी विझलेल्या चुलीकडे बघितलं. बाई कारकुनाला म्हणाल्या, "उद्या सकाळी पाळी बदलते तेव्हा या. डोळ्यांनी बघा आणि मग लिहा."

दोघं गेल्यावर तातू म्हणाला, "काका, तुमका चूल पेटवूक येता?"

"चाळीस वर्षं बघतोय."

"बघलात. पेटवलात कधी?"

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो आणि चूल पेटवली. तीनदा विझली. भात खाली लागला, सारात कोकम जास्त पडलं. दिवसपाळीचे चौघं पाटावर बसले. तातूने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "मावशी असती तर ताट तुमच्या अंगावर फेकल्यान असतां." पण ताट चाटूनपुसून उठला.

कारकून दारात उभा होता. म्हणाला, "हे चारच." मी म्हटलं, "बसा. हे जातील, दुसरे येतील. तोंडं बघून ठेवा, नायतर म्हणाल तेच परत आले." तो बसला. भोंगा झाला, चौघं गेले. थोड्या वेळाने रातपाळीचे आले, केसांत कापूस घेऊन. पाय धुतले आणि त्याच पाटांवर बसले. कारकून एकेकाला नाव विचारत होता. मग मला म्हणाला, "आता खोली तुमच्या नावावर करावी लागेल. खानावळ कोणाची लिहू?"

"खोली माझी लिहा," मी म्हटलं. "आणि खानावळ भागीरथीची. दोघं राहतो म्हणून खोटं सांगायला मीच लावलं होतं तिला, तेही लिहा."

"त्याला रकाना नाही," तो म्हणाला आणि लिहायला लागला. आत साराला उकळी येत होती. तो काय लिहितो ते बघायला मी थांबलो नाही. चौघांना वाढायचं होतं.