सायबाचं थडगं आणि दाजीचा गडगा

दुपारी बार रूममध्ये डबे उघडले की जेवण कमी आणि किस्से जास्त होतात. आमच्या खाडीकाठच्या कोर्टात त्यातले निम्मे एकाच माणसाचे, कोर्टामागे पुरलेल्या इंग्रजांच्या काळातल्या गोऱ्या जज्जाचे. आता त्यात माझी केसही गेली. माझा अशील दाजी. त्याने चिऱ्यांचा गडगा घालून विधवा वहिनीच्या घराची वाट बंद केली होती. बाई लोकांच्या कुंपणातून वाकून कळशी न्यायची. मला ते बघवत नसे, पण वकीलपत्र दाजीचं! तो किस्सा शेवटी सांगतो.

*

साहेब जागा पाहिल्याशिवाय निकाल देत नसे म्हणे. एका जमिनीवर भरतीचं पाणी येतं, असं वादी म्हणाला. कधीच येत नाही, असं प्रतिवादी. साहेब तिथंच खुर्ची टाकून बसला. पाणी गुडघ्याला लागल्यावर त्याने प्रतिवादीला विचारलं, "आणखी कोणी साक्षीदार आहे?"

*

बढती मिळून तो घाटावर निघाला आणि आंबोलीतूनच परत आला. वरच्यांनी कारण विचारलं. "थंय ताजो बांगडो गावना नाय," असं याने कळवलं म्हणतात. खरंखोटं त्यालाच ठाऊक. पुढे तापाने गेला, तोही इथंच.

*

आता पक्षकार त्याच्या थडग्यावर नारळ ठेवतात. रिटायर झालेला पट्टेवाला तातू त्यांच्या वतीने सायबाला गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाणं कुणाचंही असो, भोवतीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. पुण्याहून आलेल्या जज्ज मॅडमना हे पटलं नाही. "न्याय आत मिळतो, मागे नाही," म्हणाल्या. त्यांच्या बदलीची ऑर्डर यायची होती त्या सकाळी थडग्यावर एक नारळ जास्त होता. कुणाचा, ते तातू सांगत नाही.

*

गडग्याच्या निकालाचा दिवस, निकाल त्याच मॅडमकडे. वहिनी नारळ घेऊन थडग्यापाशी आधीच उभी. मागे दाजी, हातात स्वतःचा नारळ, मान खाली, डोळे मिटलेले. शेजारी मी.

तातूने सुरुवात केली, "बा सायबा, ह्या तुझ्या लेकीन नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा!"

"दिरान गडगो घालून तिची वाट अडवल्यान हा. ती वाट मोकळी होवंदे."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज दाजीचा.

वहिनीने वळून पाहिलं. दाजीने डोळे उघडले. मग त्याने आपला नारळ तिच्या नारळाशेजारी ठेवला आणि मला म्हणाला, "वकिलानू, गडगो आज काढतंय. आत मॅडमक काय सांगूचा, ता तुम्ही बघा."